तुतीची सावली आणि उन्हाचा बंब

तापणाऱ्या पृथ्वीवरची व्याख्यानं हल्ली मीही ऐकतो. वक्ते उपाय सांगतात: बिनधुराची ऊर्जा, ऊर्जेची काटकसर, झाडं. ही तिन्ही एका घरात सुखानं नांदतात, असं ते धरून चालतात. इस्रायलमधल्या अश्केलोनच्या आमच्या घरात नांदली नाहीत.

तेलाचे भाव भडकल्यानंतरचा उन्हाळा होता. छपराछपरावर दूद शेमेश, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा बंब, बसत होता. पप्पा विजेच्या खात्यातले. काटकसरीवर ते बंब विकणाऱ्यापेक्षा चांगलं भाषण करत. अडचण एकच, दक्षिणेच्या अंगणातली तुती. तिची सावली नेमकी छपरावर पडे.

त्या सावलीत आई दुपारी तांदूळ निवडायची. शेजारच्या ठाण्या-मुंबईकडच्या बायका स्टुलं घेऊन यायच्या. आम्ही मुलं तिच्या मराठीला हिब्रूत उत्तरं द्यायचो, त्यामुळे तिला पोटभर बोलायला तेवढीच जागा होती. फांद्या छाटून बघा, असं तिनं सुचवलं. अर्धवट उपायांनी देश उभे राहत नाहीत, असं पप्पांचं मत पडलं. झाड गेलं.

बंब उत्तम चालला. ऑगस्टात पाणी इतकं कढत येई, की बादलीत विसण घातल्याशिवाय अंगावर घेववत नसे. घरही तसंच तापलं. बायका काही दिवस आत बसल्या, मग यायच्या थांबल्या.

हिवाळ्यात आम्हा ज्यूंचा झाडांचा सण आला. आईनं रीतीप्रमाणे पोह्यांचा मलिदा केला. ताट पोचवायला पप्पा शेजारी गेले. शेजाऱ्यांची तुती पार उघडी होती, आणि तिच्या काड्यांमधून ऊन सरळ त्यांच्या बंबावर पडत होतं.

"थंडीत तिला पान नसतं," परतल्यावर ते म्हणाले. "आणि गरम पाणी लागतं ते थंडीतच."

इतके हिवाळे आम्ही ती तुती पाहिली होती. पण आमच्या डोक्यातलं झाड आई-पप्पा सोडून आले त्या कोकणातलं, बारमाही हिरवं.

आईनं त्यांच्या पुढ्यात ताटली सरकवली. "खा आता."

पुढच्या उन्हाळ्यात एअरकंडिशनर आला आणि बंबानं वाचवलेली वीज पिऊ लागला. खिडक्या बंद झाल्या. दुपारी पप्पा आईसमोर बसून तांदूळ निवडू लागले. ते बातम्या सांगत, ती ऐकून घेई.

एकदा ती म्हणाली, "अहो, तुम्हाला गप्पा मारता येत नाहीत."

पप्पांनी ते मान्य केलं, आणि पुढचा खडा शोधू लागले.