डिलीटनं विचारलंच नाही

माझी धाकटी बहीण लहानपणापासून डोळ्यांनी तेज. सुईत दोरा ओवायचा असला की आई तिलाच हाक मारायची. मी आपली दोऱ्याला थुंकी लावत बसायचे, आणि ही एका फटक्यात ओवून मोकळी. पुढं त्याच डोळ्यांवर आळ आला, ते सांगते. लिही, आणि माझं बोलणं सरळ करत बसू नकोस.

लग्नानंतर धाकटीनं तिच्या नणंदेबरोबर भरतकामाचं दुकान काढलं. पुढच्या खोलीत काउंटर, मागच्या खोलीत मशीन आणि कॉम्प्युटर. गिऱ्हाईक नणंद बघायची. जिभेवर अशी साखर की उसवलेलं शिवून दिलं तरी माणूस नवीन घेतल्यासारखा हसत जायचा. नक्षी मात्र धाकटीची. वेली, पोपट, मासे, लहान मुलींच्या झग्यावरची बदकं. ती कॉम्प्युटरवर काढायची आणि मशीन कापडावर भरायचं. एक नक्षी म्हणजे एक फाइल. जुन्या सगळ्या एका फोल्डरात. मी दुपारची तिथं लोंबते धागे कातरायला जायचे, म्हणून मला हे ठाऊक.

आता तिची एक खोड. यादीत लांब नावं अर्धीच दिसायची. मग ही काय करायची, सरळ डिलीट दाबायची! कॉम्प्युटर चौकट आणून विचारायचा, हे खरंच काढायचं का? त्या चौकटीत पूर्ण नाव, तारीख, सगळं असायचं. ते वाचायचं आणि ‘नाही’ दाबायचं.

मी म्हणायचे, “अगं, आत कोण आहे बघायला दार तोडतेस का?”

“तोडत नाही ताई, घंटा वाजवते. विचारल्याशिवाय तो काही करत नाही.”

नणंदेला त्या विचारण्याचा जाच व्हायचा. “वहिनी, हा कॉम्प्युटर आहे का माझी सासू? खरंच का, खरंच का!”

एक दिवस धाकटीनं जुन्या नक्ष्यांच्या फोल्डरवर डिलीट दाबलं. चौकट आली नाही. बटण नीट लागलं नसेल म्हणून परत दाबलं, तर शेजारचा फोल्डरही गेला. काढलेलं जिथं पडून राहतं ती कॉम्प्युटरातली कचरापेटी उघडून बघितली, तीही रिकामी. पोपट नाही, बदक नाही. सगळं आयुष्य पुसलं गेलं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. धाकटी घरी तोंड झाकून पडली होती, त्याच्याशी नणंदच बोलली. घरी येऊन म्हणाली, “काही मिळत नाही म्हणतो.”

“माझ्याकडून ‘हो’ दाबलं गेलं असेल का वन्सं?”

“असेल वहिनी. डोळे थकलेत तुमचे. होतं असं.”

मग तीच तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डोळे कोरडे पडतात म्हणून त्यांनी थेंब दिले. रोज दुपारी नणंद तिची मान मागं करून, पापणी धरून थेंब घालायची. मला भरून यायचं. म्हटलं, नणंद असावी तर अशी.

धाकटीनं माऊस सोडला. नक्षी बाहेरून तयार यायला लागली. ही काउंटरमागं बसून बटणं लावायची, आणि सुई ओवायला द्यायची कुणाला, तर मला!

बरेच महिने असेच गेले. मग कॉम्प्युटर रेंगाळायला लागला म्हणून दुरुस्तीवाला परत आला. काम आटपताना नणंदेला म्हणाला, “मॅडम, डिलीटचं विचारणं तुम्ही बंद करायला लावलं होतंत, कचरापेटीपण. तसंच ठेवू?”

“मी? मी नाही हो.”

“असं काय! तुम्हीच म्हणालात ना, ही सासू घालवा म्हणून.”

धाकटीच्या हातातलं बटण खाली पडलं. “कधी म्हणाल्या?”

“फोल्डर गेले त्याच्या आधी. गेल्यावर मी म्हटलंसुद्धा, यामुळंच झालं. तर म्हणाल्या, वहिनींना मी सांगते.”

त्यानं पिशवी आवरायला घेतली. नणंद रडायला लागली. “घाबरले हो वहिनी. आधी सांगायचं राहिलं, मग सांगायला तोंड राहिलं नाही.”

धाकटी दुरुस्तीवाल्याला म्हणाली, “विचारणं चालू करा. कचरापेटीपण.” मग कॉम्प्युटरपुढं खुर्ची ओढून बसली, एक बदक काढलं, नाव देऊन ठेवलं आणि डिलीट दाबलं. चौकट आली. तिनं नाव मोठ्यानं वाचलं, अगदी बरोबर, आणि ‘नाही’ दाबलं.

मग वळली. “विचारणं बंद केलंत, ते घाईत झालं म्हणेन. पण वन्सं, रोज माझी पापणी धरून थेंब घालत होतात, तेव्हा काय वाटत होतं तुम्हाला?”



आता जुनी गिऱ्हाइकं कपाटातले कपडे आणून देतात, आणि धाकटी त्यावर बघून नक्ष्या परत काढते. प्रत्येक नक्षीची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून माझ्या घरी डब्यात असते. नणंद काउंटरवर आहे, पण दोघींचं बोलणं मापापुरतं आणि रंगापुरतं.

परवा नणंदेनं ती थेंबांची बाटली गुपचूप केरात टाकली. धाकटीनं ती उचलली, पुसली आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवली.

“या दुकानात आता विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही,” म्हणाली.