शैलाने न पाहिलेली आघाडी

शैला गेल्याचं कळलं तेव्हा मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. तिच्या मीनलचा हॉस्पिटलातून फोन आला. एवढंच म्हणाली, "काकू, आई गेली." मी चिमटे लावत राहिले... बादली रिकामी होईपर्यंत.

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत शैला माझी शेजारीण. थंडीच्या दिवसांत दुपारी मला हटकून या गच्चीवर ओढून आणायची. सकाळभर पारसिकच्या डोंगराकडून कोरडं वारं येई, वाळत घातलेल्या साड्या खाडीच्या दिशेने उडत. मग सगळं जरा थबके, आणि त्याच साड्या सावकाश उलट्या फिरत. खाडीवरची दमट, खारी हवा आत शिरलेली असे. "बघ, भेटल्या दोघी," ती हळूच म्हणायची, मोठ्याने बोललं तर त्या बिचकतील अशी. मला तर तिथे गुंगीच यायची.

जन्मभर तिने शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर निळे त्रिकोण काढले की शीत आघाडी, लाल अर्धवर्तुळं काढली की उष्ण. बर्फावर पडून पडून गारठलेली एक वायुराशी, समुद्रावरून ऊब आणि ओल घेऊन आलेली दुसरी. समोरासमोर आल्या तरी लगेच मिसळत नाहीत; त्यांच्यातली सीमा म्हणजे आघाडी. जड थंड हवा खालून घुसते, उबदार हवेला वर ढकलते, आणि वर ढग उभे राहतात. सांगताना तिचे तळहात एकमेकांवर सरकत. पण नकाशातली तशी आघाडी आपल्याकडे कुठली यायला? "न चाखलेल्या पदार्थाची कृती शिकवतेय गं मी," म्हणायची.

मीनल लग्न होऊन कॅनडात गेली, तेव्हा हिला जावयापेक्षा तिथल्या हवेचं कौतुक जास्त. एकदा तिथे जाऊन शीत आघाडीखाली उभं राहायचं, एवढा एकच हट्ट होता तिचा. व्हिसा आला, स्वेटर आणून झाले, आणि छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं. मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना. तीच माझी समजूत काढत बसली.

परवा संध्याकाळी शैलाच्या घरी कुंड्यांना पाणी घालत होते. मीनल आता परत गेली आहे; किल्ली माझ्याकडे असते. तिचा फोन आला. तिच्याकडे सकाळ होती.

"काकू, वारा फिरतोय. रात्रभर उकडत होतं, आता एकदम गार शिरलंय. ऐका."

तिने फोन खिडकीबाहेर धरला असावा. आधी काहीच नाही... मग झाडं सळसळली, कुठलंसं दार आपटलं, थेंब वाजू लागले.

मी स्पीकर लावला, फोन शैलाच्या खुर्चीत ठेवला, आणि आवाज न करता खोलीबाहेर आले.