मलिदा घेऊन बर्लिनच्या मशिदीत

बर्लिनला जायचं ठरलं ते एका चिठ्ठीमुळे. माझी नात ईरा आठ वर्षांची, ब्राउनश्वाइगला तिसरीत. वर्गात चिठ्ठ्या टाकून विषय वाटले. कुणाला बुद्ध, कुणाला येशू आणि आमच्या बाईसाहेबांना ‘पैगंबर मुहंमदांचं बालपण’. त्यावर वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचं, त्याला इथे रेफेराट म्हणतात. तीन ऑक्टोबरला जर्मनीत सुट्टी आणि त्या दिवशी मशिदी सगळ्यांसाठी खुल्या. लेकीला, म्हणजे सईला, सणकून सर्दी, जावई कामावर. म्हटलं, आम्ही दोघंच जातो!

यात माझा एक डाव होता. पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच. तीन आठवडे झाले, एक अख्खं मराठी वाक्य पदरात पडलं नव्हतं आणि नऊ दिवसांनी माझं विमान. मी ट्रकवर क्लीनर म्हणून सुरुवात केलेला माणूस, आज स्वतःच्या अकरा गाड्या आहेत. ढाब्यांवर बसून कन्नड-तेलुगू नुसत्या कानांनी शिकलो. जर्मनही बरंच झिरपलं होतं. पण ईरासमोर मी मुद्दाम ठार अडाणी! दुभाषी तीच.

निघताना सईने माझ्या हातातला डबा पाहिला.

“बाबा, हे काय?”

“मलिदा. चपात्या कुस्करून गूळ-तूप घातलंय. आपल्या दर्ग्याला नेतो तसा.”

“अहो, तो दर्गा नाही, मशीद आहे!”

“असेल. पण रिकाम्या हाताने जायचं का?”

जाणाऱ्यांसाठी सांगतो: जलद गाडीने दीड तास लागतो. तिकीट आधी काढलं तर वीस-पंचवीस युरोत जमतं, आणि लहान मुलाचं नाव आजोबांच्या तिकिटावर घातलं की ते फुकट. सुट्टीला दुकानं बंद, खायचं बरोबर ठेवा. गाडीच्या डब्यावर ‘रूहेबेराइश’, म्हणजे गप्प बसण्याची जागा, असं लिहिलेलं दिसलं तर तिथे फोन करू नका. मी “अरे, हुबळी सोडलीस का?” म्हणून फोनवर माझ्या ड्रायव्हरला हाक मारली आणि समोरच्या आजींनी ओठांवर बोट ठेवलं. ईरा खिडकीला नाक लावून खुदुखुदु हसत होती.

बर्लिनमध्ये दिवसभराचा पास साधारण अकरा युरो. नॉयक्योल्नला उतरलो, मशिदीच्या दारात बूट काढले. नुराय नावाच्या हसऱ्या तुर्की बाई माहिती सांगत होत्या. डबा पाहून त्यांनी विचारलं, हा कुणासाठी?

“सांग, पीरबाबांसाठी,” मी ईराला म्हणालो.

तिने सांगितलं, बाईंचं उत्तर ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, “आजोबा, इथे बाबा नाही आहे. इथे फक्त नमाज आहे.”

पहिलं वाक्य! तिथल्या तिथे पेढे वाटावेसे वाटले. पेढे नव्हते, मलिदा होता. चहाबरोबर तोच फिरला. एका पांढऱ्या दाढीच्या चाचांनी तीन घास घेतले आणि काहीतरी म्हणाले. ईराने लगेच पोचवलं, “ते म्हणतात, बाबा नाही, तर आम्ही खातो.”

मग गालिच्यावर बसून नुरायबाई पैगंबरांचं बालपण सांगू लागल्या आणि माझी दुभाषी सुटली. “तो पोटात होता तेव्हा बाबा मेले. मग हलीमा नावाची दाई त्याला वाळवंटात घेऊन गेली. तिकडे हवा चांगली. आणि भाषा चांगली.”

“भाषा शिकायला पोरं पाठवायचे? मग तुला साताऱ्याला पाठवू!”

“नाइन!” असं जर्मनमध्ये ‘नाही’ ठणकावून ती पुढे सरकली. “मग सहा वर्षांचा झाला, तर आई पण मेली. मग आजोबांकडे. आजोबांची चटई काबाच्या सावलीत. तिच्यावर कोणी नाही बसायचं. तो बसायचा. काका ओढायचे, आजोबा म्हणायचे, राहू दे.”

यानंतरचं नुरायबाईंचं वाक्य लहान होतं. त्यात ‘आजोबा’ होते, ‘आठ वर्षं’ होती आणि ‘गेश्टॉर्बेन’ होतं. सईच्या शेजारणीचा नवरा वारला तेव्हा तो शब्द माझ्या कानांनी उचलला होता. आई-बाप बेधडक मारणारी माझी नात इथे मात्र थांबली. गालिच्याचा धागा ओढत राहिली.

“मग तो काकांकडे राहायला गेला,” ती म्हणाली.

“आणि आजोबा?”

“आजोबा चटईवर.”

मी मान डोलावली. अडाणी माणूस, दुसरं काय करणार?

पुढे मेंढ्या राखणं आलं, काकांबरोबर उंटांचा तांडा घेऊन शामला, म्हणजे सीरियाकडे, जाणं आलं. मीही तेराव्या वर्षी काकांच्याच ट्रकवर चढलेला. दुसऱ्याचा माल सांभाळून नेणाऱ्या त्या तरुणाला लोक ‘अल-अमीन’ म्हणू लागले, म्हणजे भरवशाचा. आमच्या लाइनीत याहून मोठी पदवी नाही. परतीच्या गाडीत ईरा माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली, तेही मी गप्प बसण्याच्या डब्यात मन लावून गप्प बसलो म्हणून!

आता साताऱ्यात आहे. तिकिटं, पास, गाड्या यांची माहिती वर दिलीच आहे. ती बदलेल, विचारून जा. माझ्याकडे राहिलं ते न सांगितलेलं वाक्य. ते मी कुणाला बोललो नव्हतो. काल व्हिडिओ कॉलवर रेफेराट छान झाल्याचं सांगून ईरा घुटमळली.

“आजोबा, मी बर्लिनला तुम्हाला एक वाक्य नाही सांगितलं. वर्गात सांगितलं. तुम्हाला सांगू?”

“आत्ता नको,” मी म्हटलं. “मे महिन्यात येतोय, तेव्हा सांग.”