पिवळा रुमाल केव्हा टाकायचा

रविवारी सकाळी मी काळे-पांढरे पट्टे असलेला शर्ट चढवला की बायको म्हणते, "घरचं झालं थोडं, आणि व्याह्यानं धाडलं घोडं." तिचं चुकत नाही. आठवडाभर आइंडहोव्हनमध्ये चिपच्या यंत्रांपुढे डोकं फोडायचं आणि सुट्टीच्या दिवशी ओल्या गवतावर दांडग्या माणसांच्या मधोमध जाऊन उभं राहायचं, हे शहाण्याचं लक्षण नाहीच. पण इथले डच क्लब हौशी माणसांच्या जिवावर चालतात. कुणी कँटीनमध्ये क्रोकेट नावाचे लांबट वडे तळतं, कुणी मैदानावर रेषा मारतं. मला तळता येत नाही, ओरडता येतं. म्हणून मी अमेरिकन फुटबॉलचा पंच झालो.

या खेळात चेंडू असलेल्याला वाचवायला त्याच्या पुढे एक फळी उभी असते. फळीतल्याने समोरच्याला हाताने रेटावं, पण पकडून ठेवू नये. पकडलं की होल्डिंग. मग पंचाने कमरेचा पिवळा रुमाल काढून हवेत भिरकावायचा, आणि त्या संघाला दहा यार्ड मागे पाठवायचं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात दर डावात कुणी ना कुणी कुणाला तरी धरलेलं असतंच. सुरुवातीला मी दिसेल त्याला रुमाल टाकत सुटलो. सामना संपेना. प्रेक्षक गाडीत जाऊन बसले.

मग आमच्यातल्या म्हाताऱ्या डच पंचाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, धरलं का ते विचारू नकोस, धरल्यामुळे काय बिघडलं ते बघ. चेंडू डावीकडे गेला आणि उजवीकडे कुणी कुणाचा शर्ट ओढला, तर सोडून दे, नंतर दोन शब्द सुनाव. हात छातीवर असतील आणि पाय हलत असतील, तरी सोडून दे. आणि मुख्य म्हणजे, ज्याला धरलंय तो सुटायला बघतोय का? तो वळतोय, हिसका देतोय आणि तरी अडकलाय, असं तुझ्या डोळ्यांना दिसलं तर टाक. नुसता उभा असेल तर नाही. अंदाजाने तर कधीच नाही.

हे मला पटलं. अजूनही पटतं. म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

बाबा गेल्यावर आई मिरजेच्या घरात एकटी राहत होती. एक दिवस न्हाणीघरात पडली आणि दुपारी शेजारीण आली तेव्हा कुठे कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण मी फोनवर हे ऐकलं आणि त्याच रात्री विमानाचं तिकीट काढलं. तिला इकडे आणलं, आणि आता कायमचं इथेच ठेवायचं असं ठरवलं. ठरवलं म्हणजे मीच. मिरजेचं घर विकायची बोलणी सुरू केली, तिला इथे राहायचा परवाना मिळावा म्हणून द हेगमधला एक वकील गाठला. अवघड आहे, पण प्रयत्न करू, असं तो म्हणाला. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तुला योग्य वाटेल ते कर." मी ते होकार म्हणून घेतलं. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. घराबाहेर पडलो की मी तिचं कोपर सोडत नसे.

तरुणपणी ही बाई जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेली. चढाईला जायची. प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली, पण मैदान दिसलं की तिची मान अजून वळते. त्या रविवारी तिला सामन्याला नेलं. घडीच्या खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट आणि हातात शेंगदाण्यांची पुडी घेऊन ती शेवटपर्यंत बसली. परतताना गाडीत म्हणाली, "आमच्याकडे पकड हाच खेळ. इथे पकडीला शिक्षा. गंमत आहे."

मी हसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "कडेला तो उंच पोरगा होता. त्याला त्या जाड्याने सबंध सामना काखेखाली धरून ठेवलं होतं. तू एकदाही रुमाल टाकला नाहीस."

"तो सुटायची धडपडच करत नव्हता आई."

"दमला असेल."

"असेल. पण मला दिसायला नको?"

"धरलेलं तर दिसत होतं."

माझ्या नाकावर राग असतोच, त्यात मैदानावर त्या पोराच्या प्रशिक्षकानेही हेच ऐकवलं होतं. मी म्हणालो, "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

ती खिडकीबाहेर बघत होती. "मी पाजायचे," ती म्हणाली. "तू झोपलेला असलास तरी उठवून."

घर आलं तेव्हा तिने डोळे मिटले होते. मला वाटलं, दमली असेल.

त्याच आठवड्यात वकिलाकडे जायचं होतं. द हेगच्या स्टेशनबाहेर बारीक पाऊस होता. ट्राम आली, दार उघडलं. मी नेहमीप्रमाणे आईचं कोपर धरलं आणि तिला पायरीकडे नेलं. तिने हात ओढला. मला वाटलं तोल जातोय, मी आणखी घट्ट धरलं. तेव्हा तिने खांदा खाली घातला, कमरेतून वळली आणि असा हिसका दिला की माझी बोटं सुटली. सत्तरीची बाई. ट्राममधली माणसं बघू लागली. ड्रायव्हर थोडा थांबला, मग दार लावून निघून गेला.

मी भडकलो होतो. "पडली असतीस म्हणजे? तिथे पडलीस तेव्हा कोण होतं?"

"कुणी नव्हतं," आई म्हणाली. तिला धाप लागली होती. पदर नीट करून तिने माझ्याकडे पाहिलं. "आता दिसलं का?"

मला रडू आलं. तिच्या पडण्याचं की तिच्या जाण्याचं, ते आजही सांगता येत नाही. दिसलं, एवढंच म्हणालो. वकिलाला फोन करून येत नाही म्हणून कळवलं, आणि आम्ही स्टेशनकडे मागे फिरलो. ती माझ्या पुढे, हळू, एकटी चालत होती. मी हात खिशात कोंबले होते.

घर विकायची बोलणी मी थांबवली आणि ती मिरजेला गेली. मी केलं ते बरोबर की नाही, मला माहीत नाही. न्हाणीघरात बसवायला एक दांडी पाठवली आहे, ती अजून बसवलेली नाही असं शेजारीण सांगते. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी रोज फोन लावतो. रिंग वाजत राहते तोवर डबा उघडत नाही.

काल तिने फार उशिरा उचलला. विहारातून नुकती आली होती, फोन पिशवीत राहिला होता, मागे बायकांचे आवाज येत होते. "काय काम होतं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि फोन तिलाच ठेवू दिला.