आधी भोपळा, मग पाणी

पारोळ्याजवळच्या आमच्या गावात पोरांना पोहायला शिकवलं ते आबांनी. आबा म्हणजे माझे वडील. वाळवलेला भोपळा, सुंभाची दोरी आणि चार शेतं ओलांडून जाईल असा आवाज, एवढंच त्यांचं सामान. पोराच्या पाठीवर भोपळा आवळून बांधायचे आणि विहिरीत ढकलून द्यायचे. "पह्यले भोपया बांध, मंग पाणीमा उतर," हे त्यांचं एकच वाक्य. विहीर भरलेली असली की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्यातून सुटका नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ त्याच विहिरीत बुडून गेला होता, भोपळा काठावर ठेवून. मला मात्र त्यांनी कधी शिकवलं नाही. मुलींनी पाणी शेंदायचं, त्यात उतरायचं नाही. याचा राग मला अजून आहे.

माझा भाऊ त्यांचा सगळ्यात लाडका चेला. धुळ्याला आयटीआय केलं, काही दिवस दीपनगरला ठेकेदाराकडे काढले आणि मग मुंबईपलीकडे भर समुद्रात तेल काढतात तिथे फिटर म्हणून लागला. कामावर हेलिकॉप्टरनं जायचा. आईला कुणी विचारलं, पोरगा कुठे असतो, की ती नुसतं बोट वर करायची आणि पदर सावरायची. आबांना तो डौल मानवत नव्हता. एकदा त्यांनी भावाला विचारलं, खाली एवढं पाणी, मग अंगावर काय बांधतात? रबरी जाकीट असतं, दोरी ओढली की हवा भरते, असं तो म्हणाला. तेव्हा कुठे आबांचा जीव भांड्यात पडला.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. भाऊ सुटीवर घरी यायला निघाला आणि वाटेत समुद्रावरच हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं. पायलटनं ते अलगद पाण्यावर टेकवलं. थोडा वेळ ते तरंगलं, मग लाटेनं कलंडून उलटं झालं. बाकी सगळे बाहेर निघाले. त्यांतल्या कितीतरी जणांना पोहता येत नव्हतं. आमचाच तेवढा आत राहिला.

दारावर बसायला, सांत्वनाला, माणसं येत होती. त्यांत भावाचा सोबती आला, पाचोऱ्याचा, त्या दिवशी शेजारच्याच सीटवर बसलेला. आबांनी त्याला सगळ्यांदेखत एकच विचारलं, "त्या जाकिटमा हवा भरेल व्हती का?"

तो काहीतरी सांगणार होता. आबांच्या तोंडाकडे बघून थांबला. "हो आबा," म्हणाला, "सगळ्यांच्या आधी त्यानंच भरली."

"मना पोर भुलना नही," आबा जमलेल्या माणसांना म्हणाले. बातमी आल्यापासून ते रडले नव्हते, तेव्हा रडले.

मी त्या सोबत्याला एसटीपर्यंत सोडायला गेले. "ताई, तुम्हाला तरी खरं सांगतो," तो म्हणाला. जाकिटात हवा भरायची ती बाहेर पडल्यावर. आत भरली तर पाणी चढताच ते माणसाला वर चिकटवून धरतं, बुडी मारून दारापर्यंत जाता येत नाही. हे सगळ्यांना शिकवलेलं होतं, भावालाही. "मी ओरडलो, आता नको म्हणून. पण पाण्याला टेकायच्या आधीच त्यानं दोरी ओढली होती."

एसटी गेली. मी तिथेच उभी राहिले. मला रडू आलं नाही, संताप आला. त्या जाकिटाचा, विहिरीचा, घरी खुंटीला टांगलेल्या भोपळ्याचा. आणि आबांचाही. पण घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं की हे कुणाला सांगायचं नाही.

आबा पुढेही पोरांना शिकवत राहिले. प्रत्येकाची दोरी आवळताना सांगायचे, "मना पोर समुद्रमा बी भुलना नही." मी जवळ असले तर उठून घरी निघून जायची. आईला वाटायचं, मला भावाची आठवण सोसत नाही. तेही खरंच होतं.

शेवटी धुळ्याच्या दवाखान्यात आबांना माणसं ओळखू येईनात. एका दुपारी त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"भोपया बांधेल व्हता ना वं तेन्ही?"

"हा आबा," मी म्हणाले. "पह्यलेच बांधेल व्हता."

त्यांनी माझा हात सोडला आणि शांतपणे डोळे मिटले.