सगळ्या अटींत बसलेला माणूस

ऑफिसात त्याला रडतराव म्हणत, तेही तोंडावर. पंखा लावला की त्याची मान धरायची आणि बंद केला की जीव घाबरा व्हायचा. संगणकातल्या कर्मचाऱ्यांच्या यादीतून रिपोर्ट काढण्यात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून लांबच्या नव्या गोदामावर कायमचं कुणाला पाठवायचं, हे लचांड साहेबांनी त्याच्याच गळ्यात मारलं. "ज्याला खरंच काही अडचण नाही असा एक माणूस काढा," म्हणाले.

असली बातमी लपते थोडीच? आधी कॅशियर लंगडत आला. "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हो." रडतरावाने आजाराच्या रकान्यात अट घातली, धडधाकट तेवढेच दाखव. टायपिस्टबाईंची सासू अंथरुणाला खिळलेली. मग दुसऱ्या रकान्यात अट, घरात आजारी म्हातारं नको. स्टोअरकीपरच्या मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष; तिसरी अट. ही अट आणि ती आणि तीही, सगळ्यांत बसेल तोच उरणार. एकीत अडकला की सुटला बिचारा. आपल्यासारख्या पिचलेल्या माणसाचा नंबर कशाला लागतोय, म्हणून गडी निवांत होता. स्वतःसाठी अट घालायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटी पडद्यावर एकच ओळ उरली. त्याची.

त्याने बायकोला फोन लावला.

"तुला बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"आणि आई?"

"पोहून आल्यात. आता शेजारणीशी भांडतायत. अहो, झालंय काय?"

"काही नाही. हीच तर पंचाईत आहे."

एखादी अट हळूच काढून टाकावी? माउस गुडघ्यावाल्या अटीवर नेला. समोर कॅशियर कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता. रडतरावाला स्वतःचीच लाज वाटली. त्याने कागद छापला आणि साहेबांपुढे ठेवला.

"तुम्ही?" साहेब म्हणाले. "अहो, तुमची तर सतराशे साठ दुखणी. खरं सांगा, काही त्रास असेल तर दुसरा माणूस बघू."

इतक्या वर्षांत त्याला असं आपणहून कुणी विचारलं नव्हतं. एकदा नुसतं कण्हला असता तरी भागलं असतं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "आमचं अगदी छान चाललंय."

साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि सही केली.