गेटापर्यंतचा आवाज

बारामतीत स्टँडमागच्या टायपिंग क्लासात तात्या शिकवायचे ते डोळे मिटून. लाकडी खुर्चीत मागं रेलून नुसतं ऐकायचे. वीसेक मशिनींचा खडखडाट चालू असताना मध्येच म्हणायचे, "खिडकीपाशी कोण हाय? करंगळी लई आळशी हाय तुझी." आणि ते खरं असायचं.

बी.एड. होऊन मी पणदऱ्यात घरी बसले होते. शिकवायची हौस दांडगी, आवाज मात्र पुटपुटल्यासारखा. दोन शाळांच्या मुलाखतींतून "काय म्हणालात?" एवढंच ऐकून परत आले होते. जूनपर्यंत नोकरी लागली नाही तर लग्न उरकायचं, असं घरी ठरलेलं. तोवर रिकामं बसायला नको म्हणून तात्यांकडे सकाळचं अर्धवेळ काम धरलं.

पहिल्या दिवसापासून ते मला 'बाई' म्हणायला लागले. मला लाज वाटायची. "अजून शाळा कुठं मिळालीय, तात्या?"

"मिळंल की. आदी आवाज काढा."

मग त्यांनी एक खूळ काढलं. मुलांनी टाइप केलेले कागद मी दाराशी उभं राहून वाचायचे, मशिनी चालू असताना, पार मागच्या भिंतीकडच्या त्यांच्या खुर्चीपर्यंत जातील असे. चुकलं तिथं लाल गोलही मीच करायचा. "मास्तरणीचा हात वळाय पायजे," म्हणायचे. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे मी त्या वर्षी इतक्यांदा ओरडले की घसा कायम बसलेला असायचा. मनातून चिडायचे मी. पण तात्यांचं आपलं एकच, "न्हाय आलं. परत."

मे महिन्यात इंदापूरच्या एका शाळेचं नेमणुकीचं पत्र आलं. मुलाखतीत या वेळी कुणी 'काय म्हणालात' विचारलं नव्हतं. धावत जाऊन ते मी तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी कागदावरून सावकाश बोट फिरवलं. "टायपिस्टानं पूर्णविराम लई जोरात मारलेत. भोकं पडलीत," म्हणाले आणि पत्र परत माझ्याकडं केलं. "वाचा."

तेव्हा मला कळलं. तात्यांना दिसत नव्हतं.

"कधीपासून, तात्या?"

"डावा जुनाच गेलाय. उजवा दिवाळीपास्नं."

"म्हणजे ते माझ्याकडून वाचून घेणं..."

"निम्मं माझ्यापायी व्हतं. खोटं कशाला बोलू? कळलं असतं तर पोरं दुसऱ्या क्लासात गेली असती. पर निम्मं तुमच्यापायी व्हतं, बाई."

मला रडूच फुटलं. मी जात नाही, म्हणाले. त्या दिवशी तात्या पहिल्यांदा माझ्यावर रागावले. "मग तुमचं निम्मं बी वाया घालवायचं का? वाचाय माझी पुतणी हाय. तुमी जावा."

जूनमध्ये इंदापूरला माझा पहिला तास होता. शेवटच्या बाकामागं तात्यांची खुर्ची आहे असं धरून मी बोलायला सुरुवात केली, आणि तास कसाबसा निभावला. सुटीत शिपाई सांगत आला, गेटाशी कुणी म्हातारे बसलेत. पुतणीचा हात धरून तात्या सकाळच्या एसटीनं आले होते. पटांगणाच्या त्या टोकाला, दगडावर बसलेले. आत का नाही आलात, म्हणून मी विचारलं.

"आत काय काम? हितवर येतंय का, ते बघाय आलो व्हतो." त्यांनी चाचपून माझा हात धरला. "आलं, बाई."

तात्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. नव्या वर्गावर पहिला तास असला की मी अजूनही खिडकीतून गेटाकडं बघते, आणि मगच तोंड उघडते.